मुलांचा ताबा, भेटी आणि घटस्फोटानंतरचं घर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घटस्फोटाच्या वाटेवर असलेले किंवा त्यातून बाहेर पडलेले आईवडील पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कायद्याची माहिती भारतातल्या कायद्यांची आहे, कामकाजाचं वर्णन महाराष्ट्रातल्या कौटुंबिक न्यायालयांना धरून आहे. एका उत्तरात जे आलं ते दुसरीकडे परत लिहिलेलं नाही, फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. ताबा आणि पालकत्व एकच का? ताबा गेला म्हणजे मी पालक उरत नाही का?

एकच नाही. ताबा म्हणजे मूल रोज कुणाजवळ झोपणार, कुणाच्या घरून शाळेत जाणार. पालकत्व म्हणजे त्याच्या वतीने निर्णय घेण्याचा आणि सही करण्याचा अधिकार. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, 1956 च्या कलम 6 मध्ये 'वडील आणि त्यांच्यानंतर आई' अशी भाषा आहे. 'त्यांच्यानंतर' याचा अर्थ वडिलांच्या मृत्यूनंतर एवढाच घ्यायचा नाही, वडील अनुपस्थित असतील तरीही आईच नैसर्गिक पालक ठरते, असं सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये गीता हरिहरन खटल्यात सांगितलं. ताबा एकाकडे गेल्याने दुसऱ्याचं पालकत्व आपोआप जात नाही. त्याचा खर्चाचा वाटा उरतो आणि मुलाला भेटण्याचा हक्कही.

2. अर्ज कुठल्या गावच्या कोर्टात करायचा? मूल माझ्या माहेरी आहे, नवरा दुसऱ्या शहरात आहे.

दोन वाटा आहेत. घटस्फोटाचा दावा चालू असेल तर त्याच दाव्यात हिंदू विवाह अधिनियम, 1955 च्या कलम 26 खाली ताब्याचा, भेटीचा, शिक्षणाच्या खर्चाचा अर्ज करता येतो. विशेष विवाह कायद्याखाली लग्न झालं असेल तर कलम 38. दावा चालू नसेल तर पालक व पाल्य अधिनियम, 1890 खाली स्वतंत्र अर्ज करावा लागतो. हा कायदा सर्व धर्मांच्या लोकांना लागू आहे.

स्वतंत्र अर्ज जिथे मूल नेहमी राहतं तिथल्या न्यायालयात करायचा असतो. खरा वाद इथेच होतो. मूल आठ दिवसांपूर्वी आजोळी आणलं एवढ्याने ते तिथे 'नेहमी राहतं' असं ठरत नाही. शाळेचा दाखला, लसीकरणाचं कार्ड, घरभाड्याचा करार असे कागद सोबत जोडा. अधिकारक्षेत्राचा मुद्दा नंतर निघाला तर वर्ष-दीड वर्ष फुकट जातं आणि सगळा खेळ पहिल्यापासून मांडावा लागतो.

3. पाच वर्षांखालचं मूल आईकडेच राहतं, हे खरं ना?

'साधारणपणे' आईकडे. 1956 च्या कायद्याच्या कलम 6 मधला (प्रश्न 1) हा शब्द महत्त्वाचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये रोक्झान शर्मा खटल्यात स्पष्ट केलं, की इतक्या लहान मुलाबाबत आई अयोग्य आहे हे वडिलांनी दाखवून द्यायचं असतं, आईने स्वतःची योग्यता सिद्ध करत बसायचं नसतं. पण मुलाकडे गंभीर दुर्लक्ष किंवा मारहाण झाल्याचा ठोस पुरावा असेल तर न्यायालय वेगळा आदेश देऊ शकतं.

4. मग पाचवा वाढदिवस झाला की मूल वडिलांकडे जातं का?

नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे आणि त्यापायी वाढदिवसाच्या आठवड्यात मूल उचलून नेण्याचे प्रकार होतात. पाच वर्षांनंतर फक्त आईच्या बाजूचं गृहीतक संपतं, पुढे कल्याणाची कसोटी लागते (प्रश्न 5). मुस्लिम कुटुंबांत हनफी परंपरेनुसार मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत आईकडे, असा नियम सांगितला जातो. तिथेही न्यायालय व्यक्तिगत कायद्यासोबत मुलाचं हित पाहतंच.

5. न्यायाधीश नेमकं काय बघून ठरवतात? ज्याचा पगार जास्त त्यालाच मिळतं असं ऐकलंय.

1956 च्या कायद्याचं कलम 13 सांगतं, की मुलाचं कल्याण सर्वांत वरचं. 1890 च्या कायद्याच्या कलम 17 मध्ये मुलाचं वय, लिंग, धर्म, पालकाचं चारित्र्य आणि क्षमता, मुलाशी असलेलं नातं हे विचारात घेण्याचे मुद्दे दिले आहेत. मूल ही आईबापांची मालमत्ता किंवा खेळणं नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1973 मध्येच, रोझी जेकब खटल्यात लिहून ठेवलं आहे.

प्रत्यक्षात निकाल फिरतो तो रोजच्या बारीकसारीक गोष्टींवर. सकाळी डबा कोण करतं, पालकसभेला कोण जातं, तापाच्या रात्री कोण जागलं, वर्गशिक्षिकेचं नाव कुणाला ठाऊक आहे, मुलाला कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे. उलटतपासणीत 'मुलगी कोणत्या तुकडीत आहे?' या प्रश्नाला उत्तर आलं नाही, तर पगाराची चिठ्ठी ते झाकू शकत नाही. मूल आत्ता जिथे रुळलंय तिथून हलवायची गरज आहे का, हेही पाहिलं जातं. भावंडं शक्यतो एकत्र ठेवली जातात. आणि मुलाचं दुसऱ्या पालकाशी नातं टिकू देण्याची कुणाची तयारी आहे, यावर अलीकडे बरंच वजन दिलं जातं.

कमाई कमी असणं ही अपात्रता नाही. ज्याची कमाई जास्त त्याने मुलाचा खर्च द्यावा, हा त्यावरचा उपाय आहे (प्रश्न 11). नवराबायको म्हणून कोण चुकलं हा घटस्फोटाच्या दाव्याचा विषय आहे. वाईट नवरा किंवा वाईट बायको ठरलेली व्यक्ती पालक म्हणून चांगली असू शकते, आणि न्यायालयं हा फरक करतात. त्यामुळे ताब्याच्या अर्जात चाळीस पानं जोडीदाराच्या चारित्र्यावर आणि दोन ओळी मुलावर, अशी मांडणी करू नका. तुम्हाला मुलाच्या दिनक्रमाची माहितीच नाही, असा त्याचा अर्थ निघतो.

6. अर्ज दाखल केल्यापासून काय काय होतं? कोणते कागद लागतात?

मुलाचा जन्मदाखला, लग्नाचा पुरावा, आधार, शाळेचे प्रगतिपुस्तक आणि फीच्या पावत्या, वैद्यकीय फाइल, घराचा आणि उत्पन्नाचा पुरावा. खर्चही मागत असाल तर मालमत्ता व देणी यांचं प्रतिज्ञापत्र दोघांनी द्यायचं असतं. रजनेश विरुद्ध नेहा या 2020 च्या निकालानंतर ते सक्तीचं आहे. त्यात बँकखातं लपवलं तर पुढे प्रत्येक मुद्द्यावर विश्वास जातो.

समोरच्याला नोटीस लागली की प्रकरण बहुधा विवाह समुपदेशकाकडे जातं. समुपदेशक दोघांना आधी वेगवेगळं, मग एकत्र भेटतात, गरज वाटली तर मुलाशीही बोलतात. समेटाचा प्रयत्न करणं ही कौटुंबिक न्यायालये अधिनियम, 1984 च्या कलम 9 खाली न्यायालयाची जबाबदारी आहे, त्यामुळे हा टप्पा टाळता येत नाही. तिथे तोंडी कबूल केलेलं पुरेसं समजू नका. जे ठरलं ते लेखी घेऊन न्यायाधीशांसमोर आदेशात आणा.

या न्यायालयात वकील हा हक्क म्हणून मिळत नाही, परवानगी मागावी लागते, ती सहसा मिळते. स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळतो, मदतवाहिनी 15100.

7. अंतिम निकालाला तीन-चार वर्षं लागतात म्हणे. तोवर मूल भेटणारच नाही का?

म्हणूनच मूळ अर्जासोबत पहिल्याच दिवशी अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या तात्पुरत्या व्यवस्थेचा, अर्ज लावा. अंतरिम ताबा आणि अंतरिम भेट या दोन वेगळ्या मागण्या आहेत. ताबा मिळेल न मिळेल, भेटीची मागणी सोबत असलीच पाहिजे. 'ताबाच हवा, भेट नको' असा ताठा धरून बसलेल्या पालकाचं आणि मुलाचं दोन वर्षांत बोलणं तुटतं. मग न्यायालयासमोर अनोळखी झालेलं मूल उभं राहतं आणि त्याला आहे तिथून हलवणं कुणालाच योग्य वाटत नाही. अंतरिम काळातली व्यवस्थाच बऱ्याचदा कायम होते, ती अशी.

मुलांच्या शिक्षण-पोषणाच्या खर्चाचा अंतरिम अर्ज नोटीस लागल्यापासून शक्यतो 60 दिवसांत निकाली काढावा, असं हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम 26 मध्येच (प्रश्न 2) लिहिलं आहे. ताब्याच्या अंतरिम अर्जाला अशी मुदत नाही.

8. मुलाला कोर्टात उभं करतात का? त्याने 'मला बाबांकडे राहायचंय' म्हटलं तर तेच होतं का?

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात नाही. न्यायाधीश आपल्या दालनात, आईवडील आणि वकील यांना बाहेर ठेवून मुलाशी बोलतात. मूल समजून मत देण्याइतकं मोठं असेल तर ते मत विचारात घेता येतं, असं 1890 च्या कायद्याचं कलम 17 (प्रश्न 5) म्हणतं. ठरावीक वय कायद्यात नाही. साधारण नऊ-दहाच्या पुढे त्याच्या बोलण्याला वजन येतं, चौदा-पंधराला ते डावलणं अवघड होतं. पण मत म्हणजे निकाल नव्हे.

पढवून आणलेलं मूल ओळखू येतं. सात वर्षांचा मुलगा 'आई माझा मानसिक छळ करते' असं म्हणाला, तर ते शब्द कुठून आले हे दालनातल्या माणसाला कळतं. तारखेच्या आदल्या रात्री मुलाला फक्त एवढं सांगा, की तिथे एक काका किंवा काकू तुझ्याशी गप्पा मारतील, खरं वाटेल ते सांग, तू काहीही बोललास तरी आम्ही दोघं तुझ्यावर रागावणार नाही.

9. भेटीच्या आदेशात काय काय लिहून घ्यावं? आमच्या संमतीपत्रात 'वाजवी भेट' एवढंच आहे.

या दोन शब्दांमुळे जितकी भांडणं परत कोर्टात येतात, तितकी दुसऱ्या कशामुळेही येत नाहीत. संमतीपत्र करताना दोघांनाही प्रकरण संपवायची घाई असते, वातावरण सौम्य असतं, म्हणून 'आपण समजून घेऊ' म्हणत मोघम लिहिलं जातं. सहा महिन्यांनी एकाला वाजवी वाटतं ते दुसऱ्याला वाटत नाही. कलम असं लिहा, की न्यायालयाबाहेरच्या तिऱ्हाईतालाही ते वाचून आज मूल कुठे असायला हवं हे सांगता यावं. नमुना:

'वडील दर महिन्याच्या पहिल्या व तिसऱ्या शनिवारी सकाळी 10 वाजता मुलाला आईच्या इमारतीच्या फाटकापाशी घेतील व रविवारी संध्याकाळी 6 वाजता तिथेच आणून सोडतील. 30 मिनिटांहून जास्त उशीर होणार असल्यास आधी मेसेज करतील. मूल आजारी असल्यास आई डॉक्टरांची चिठ्ठी पाठवेल व हुकलेली भेट लगेच पुढच्या शनिवार-रविवारी होईल. मंगळवारी व शुक्रवारी संध्याकाळी 7.30 ते 7.45 व्हिडिओ कॉल होईल.'

याशिवाय सुट्ट्या. 'दिवाळी निम्मी निम्मी' पुरत नाही, कारण भांडण लक्ष्मीपूजन आणि भाऊबीज या दिवसांवर होतं. सुट्टी सुरू होण्याची तारीख शाळेच्या पत्रकावरून धरायची, तिचे दोन भाग करायचे, आणि सम वर्षी पहिला भाग आईकडे, विषम वर्षी वडिलांकडे असं लिहायचं. मे महिन्याच्या सुट्टीचंही तसंच. गणपती ज्या घरी बसतो त्या घरी मूल किती दिवस राहणार, वाढदिवसाला दुसऱ्या पालकाला किमान दोन तास मिळणार का, परीक्षेच्या आठवड्यात रात्रीचा मुक्काम असणार का, सगळं कागदावर हवं. पालक वेगळ्या शहरांत असतील तर प्रवासाचं तिकीट कोण काढणार आणि मुलासोबत कोण जाणार, हेही.

फोनवर बोलण्याचा हक्क वेगळा मागा. ज्याच्याकडे ताबा नाही त्या पालकाशी मुलाला रोज पाच-दहा मिनिटं व्हिडिओवर बोलता यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये यशिता साहू खटल्यात म्हटलं आहे. शाळेच्या ग्रुपमध्ये, प्रगतिपुस्तकावर आणि दवाखान्याच्या कागदांवर दोघांचीही पोच असावी, ही ओळही आदेशात टाका. तिच्याअभावी शाळा हात वर करते.

फार लहान मुलासाठी मात्र लांब मुक्काम सुरुवातीलाच मागू नका. दोन वर्षांच्या बाळाला आठवड्यातून तीनदा दोन-दोन तास भेटलात तर चेहरा, आवाज लक्षात राहतो. पंधरा दिवसांतून एकदा दोन दिवस नेलंत तर ते रात्रभर रडतं आणि पुढची भेट धोक्यात येते. दर सहा महिन्यांनी वेळ वाढत जाईल, अशी पायरी आदेशातच बांधून घ्यावी.

10. संयुक्त ताबा मिळतो का?

कायद्यात त्याची व्याख्या नाही. विधी आयोगाने 2015 मध्ये 257 व्या अहवालात संयुक्त ताब्याची तरतूद सुचवली होती, ती अजून कायदा झालेली नाही. पण दोघं तयार असतील तर न्यायालयं तसा आदेश देतात. तो चालायला दोन घरं एकाच शाळेच्या टप्प्यात असावी लागतात आणि आईवडिलांना किमान मेसेजवर तरी न भांडता बोलता यावं लागतं. एक आठवडा इथे, एक आठवडा तिथे ही वाटणी समसमान दिसते, म्हणूनच मोठ्यांना ती आवडते. मुलाला दर रविवारी दप्तर, गणवेश, चार्जर, खोकल्याचं औषध असं बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरावं लागतं. दोन्ही घरी गणवेशाचा एक जोड आणि दात घासायचा ब्रश ठेवण्याइतकी तयारी नसेल, तर या भानगडीत पडू नये.

11. मुलाच्या खर्चाची रक्कम कशी ठरते? कधीपासून मिळते?

ठरलेली टक्केवारी नाही. शाळेची फी, बस, शिकवणी, औषधं, घरभाड्यातला वाटा असा महिन्याचा तक्ता करा, वार्षिक खर्च बारांनी भागून त्यात घाला, पावत्या जोडा. रक्कम अर्जाच्या तारखेपासून द्यायची असते. दरवर्षी ठरावीक वाढ आदेशातच मागा, नाहीतर पहिलीच्या फीवर ठरलेली रक्कम मूल आठवीत गेलं तरी तीच राहते. तातडीने मदत हवी असेल तर भारतीय नागरी सुरक्षा संहितेच्या कलम 144 खालीही अर्ज करता येतो. पूर्वी हेच फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 125 होतं, 1 जुलै 2024 पासून क्रमांक बदलला.

12. तो पैसे देत नाही. मी भेट बंद केली तर चालेल का? (आणि उलट: ती भेटू देत नाही, मी पैसे थांबवू का?)

दोन्हींचं उत्तर नाही. पोटगी मुलाच्या पोटाची आहे, भेट त्याच्या मनाची, आणि दोन्ही हक्क त्याचेच आहेत. पैसे थकले तर वसुलीचा अर्ज करा. भेट अडली तर प्रश्न 13. एक थांबवून दुसऱ्याचा बदला घेतलात तर तुमच्या बाजूची चांगली केस तुम्हीच बिघडवता.

13. आदेश आहे, पण प्रत्येक वेळी काहीतरी कारण सांगून मूल देत नाहीत. काय करू?

ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी प्रत्येक वेळी जा. 'देणार नाहीतच' म्हणून एकदा जरी गेला नाहीत, तरी तुम्हीच आला नाहीत असं सांगितलं जातं. पोचल्यावर मेसेज करा, अर्धा तास थांबा, आरडाओरडा न करता परत या. तारीख, वेळ, दिलेलं कारण वहीत लिहा. तीन-चार नोंदी झाल्या की वकिलामार्फत नोटीस, मग त्याच न्यायालयात आदेशाच्या अंमलबजावणीची दरखास्त. सोबत भेटीची जागा न्यायालयातल्या मुलांच्या खोलीत किंवा समुपदेशकांसमोर ठेवावी आणि बुडालेल्या भेटी भरून मिळाव्यात, अशा मागण्या करा. आदेश जाणूनबुजून मोडल्याबद्दल अवमानाचा अर्जही होतो. तरी वारंवार अडवणूक झाली तर खुद्द ताबाच बदलून मागता येतो (प्रश्न 17).

14. मुलगी स्वतःच बापाकडे जायला तयार नाही. मी तिला ढकलून पाठवू का?

आधी कारण शोधा, कारण वेगवेगळ्या कारणांवर उपाय वेगळे. सहा-सात वर्षांच्या मुलांना बहुतेक वेळा जायचं नसतं ते निरोपाच्या क्षणापुरतं. दारात रडणारं मूल कोपऱ्यावर पोचेपर्यंत हसत असतं. अशा वेळी निरोप लांबवू नका. अकरा-बारा वर्षांच्या मुलीला मैत्रिणीचा वाढदिवस किंवा क्लास बुडवायचा नसतो, तिथे वेळ बदलणं हा उपाय आहे.

तिसरं कारण जास्त नाजूक आहे. मुलीला वाटतं, मी खुशीत गेले तर आईला वाईट वाटेल. तोंडाने 'जा' म्हणणाऱ्या आईचा चेहरा मूल वाचत असतं. एका पालकाने मुलाच्या मनात दुसऱ्याविषयी विष कालवण्याच्या प्रकाराची दखल सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये विवेक सिंग खटल्यात घेतली आहे. अशा मुलासाठी बालमानसतज्ज्ञ आणि समुपदेशकांसमोर थोड्या वेळाच्या भेटी हा मार्ग आहे. चौथं कारण भीती. तिथे प्रश्न 15 वाचा आणि आदेश बदलून येईपर्यंत गप्प बसू नका.

15. भेटीत मुलाला मारहाण होते किंवा काही वाईट घडतंय असा संशय आहे.

मुलाला पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका, त्याचं बोलणं मोबाईलवर परत परत रेकॉर्ड करू नका. त्याने जे शब्द वापरले तेच, त्याच दिवशी, तारखेसह लिहून ठेवा. जखम असेल तर सरकारी रुग्णालयात तपासणी करून घ्या. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या) कायद्याखाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 1098 या मुलांसाठीच्या मदतवाहिनीवरही मदत मिळते. सोबत कौटुंबिक न्यायालयात तातडीचा अर्ज करून भेट थांबवण्याची किंवा देखरेखीखाली ठेवण्याची मागणी करा. घरगुती हिंसाचाराचं प्रकरण चालू असेल तर 2005 च्या कायद्याच्या कलम 21 खाली दंडाधिकारी तात्पुरता ताबा देऊ शकतात आणि भेट घातक वाटली तर नाकारतात.

संशय खरा असेल तर एक दिवसही थांबू नये. पण हा आरोप ताबा मिळवण्याचं हत्यार म्हणून वापरला, तर ज्या मुलासाठी हे केलं त्यालाच तपासणी, जबाब, पुन्हा जबाब यांतून जावं लागतं, आणि ते वर्षानुवर्षं त्याच्या अंगावरून उतरत नाही.

16. न सांगता मूल उचलून नेलं. पोलीस म्हणतात हा कोर्टाचा विषय आहे.

ताब्याचा कोणताही आदेश नसेल तर आई किंवा वडिलांनी स्वतःचं मूल नेणं हे सहसा अपहरण ठरत नाही, कारण दोघंही कायदेशीर पालक आहेत. आदेश मोडून नेलं असेल तर चित्र बदलतं. तक्रार तरी लेखी द्या आणि पोच घ्या, पुढे तारखेचा पुरावा होतो. लगेच अंतरिम ताब्याचा अर्ज करा. मूल तान्हं असेल किंवा बेकायदा ठेवलं असेल तर उच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरणाची (मुलाला न्यायालयासमोर हजर करा, अशी मागणी करणारी) याचिका करता येते. आईच्या मृत्यूनंतर तिच्या नातेवाइकांनी मूल ठेवून घेतल्याच्या तेजस्विनी गौड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये अशी याचिका ग्राह्य धरून ताबा वडिलांकडे राहू दिला. खोलवर पुरावा तपासावा लागणार असेल तर मात्र कौटुंबिक न्यायालयातच जावं लागतं. काहीही झालं तरी उलट उचलून आणू नका. मुलाला दोनदा तोच धक्का बसतो.

17. संमतीने घटस्फोट घेताना ताबा सोडला होता. आता परत मागता येतो का?

येतो. ताब्याचा आदेश कधीच कायमचा बंद होत नाही, संमतीपत्रातला असला तरी. विक्रम वीर व्होरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये हेच सांगितलं. पण 'माझं मन बदललं' पुरत नाही. परिस्थिती बदलली हे दाखवावं लागतं: ताबा असलेल्याचं आजारपण, स्थलांतर, मुलाची बिघडलेली तब्येत किंवा अभ्यास, वाढलेल्या मुलाची स्वतःची इच्छा. कौटुंबिक न्यायालयाच्या अंतिम निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात अपिलाची मुदत 1984 च्या कायद्यात 30 दिवस आहे, हिंदू विवाह अधिनियमाखालच्या निकालाला मात्र मुंबई उच्च न्यायालय 90 दिवस धरतं. अंतरिम आदेशावर अपील नसतं, तिथे रिट याचिका करतात.

18. मी दुसरं लग्न केलं तर मूल काढून घेतील का?

फक्त तेवढ्या कारणाने नाही. आईचं पुनर्लग्न ही अपात्रता नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये लेखा खटल्यात म्हटलं. नव्या घरात मुलाला जागा आहे का, सावत्र पालक कसा वागतो, हे पाहिलं जातं. मुलाला नव्या माणसाला लगेच 'बाबा' किंवा 'आई' म्हणायला लावू नका. तो शब्द त्याच्या लेखी आधीच कुणाचा तरी आहे. नावाने, काका म्हणून, जे त्याच्या तोंडी येईल ते चालू द्या.

19. पासपोर्टवर दुसऱ्याची सही लागते. तो देत नाही.

एका पालकाची संमती नसेल तर पासपोर्ट अर्जासोबत 'परिशिष्ट सी' हे घोषणापत्र देतात. ताब्याचा वाद चालू असेल तर तो लपवू नका, न्यायालयाची परवानगी घेऊन तीच जोडा. समोरचा मुलाला परदेशी नेईल अशी भीती असेल तर पासपोर्ट न्यायालयात जमा करण्याची मागणी आधीच करा. 1980 च्या हेग बाल-अपहरण करारात भारत सामील नाही, त्यामुळे मूल देशाबाहेर गेल्यावर परत आणण्याची सोपी यंत्रणा नाही. उलट, परदेशी न्यायालयाचा आदेश घेऊन कुणी इथे आलं तर इथलं न्यायालय तो अनेक मुद्द्यांपैकी एक म्हणून पाहतं, डोळे झाकून लागू करत नाही.

20. मुलाला घटस्फोटाचं कसं सांगायचं? आम्ही 'बाबा कामासाठी बाहेरगावी गेलेत' असं सांगितलंय.

ते आता दुरुस्त करा. मूल वाट बघत बसतं आणि एक दिवस शेजाऱ्याकडून खरं कळतं. शक्य असेल तर दोघांनी मिळून, घरातच, दुसऱ्या दिवशी शाळा किंवा परीक्षा नसताना सांगा. चार वाक्यं पुरतात: आम्ही यापुढे वेगवेगळ्या घरांत राहणार. हे तुझ्यामुळे झालेलं नाही. आम्ही दोघं तुझे आईबाबा आहोत आणि राहणार. तू या घरी राहशील, शनिवारी तिकडे जाशील. कोण चुकलं ते सांगू नका, विचारलं तरी.

दुसरं वाक्य महिनोन्महिने परत सांगावं लागतं. पाच-सात वर्षांच्या मुलांना मनापासून वाटत असतं की मी हट्ट केला, मार्क कमी पडले, म्हणून बाबा गेले. ती हे बोलून दाखवत नाहीत. अचानक फार शहाण्यासारखी वागायला लागतात, आणि मोठी माणसं त्याचं कौतुक करतात.

21. भेटीवरून आला की दोन दिवस चिडचिड करतो, परत अंथरूण ओलं करायला लागलाय. तिकडे काहीतरी शिकवतात का?

बहुतेक वेळा नाही. मूल एका घराचे नियम उतरवून दुसऱ्याचे चढवत असतं, त्याला वेळ लागतो. रविवारी संध्याकाळी आल्या आल्या 'काय खाल्लंस, कोण कोण होतं, आजी काय म्हणाली' ही चौकशी करू नका. आंघोळ, जेवण, नेहमीची झोप. बोलायचं असेल ते तो सोमवारी स्वतः बोलेल. लहान मुलांत अंथरूण ओलं होणं, अंगठा चोखणं, आईला चिकटून राहणं हे काही आठवडे दिसतं आणि दिनक्रम पक्का झाला की ओसरतं. तीन महिन्यांनंतरही चालू राहिलं, शाळा नकोशी झाली, जेवण तुटलं किंवा 'मी नसतो तर बरं झालं असतं' असं काही निघालं, तर त्याच आठवड्यात बालमानसतज्ज्ञाकडे न्या.

निरोप पोचवायला मुलाला वापरू नका. 'बाबांना सांग फी भरा' हे वाक्य आठ वर्षांच्या मुलाच्या डोक्यात पूर्ण शनिवार घोळत राहतं. आणि भेटीची वेळ पाळा. दहाला येतो म्हणून साडेनऊपासून बूट घालून दाराशी बसलेलं मूल बारापर्यंत बूट काढत नाही.

22. आजी-आजोबांना भेटायचा हक्क आहे का?

वेगळा, लिहिलेला हक्क नाही. पण मुलाच्या हिताच्या नावाने ते अर्ज करू शकतात आणि न्यायालय भेट देऊ शकतं. मुलाचे वडील किंवा आई हयात नसतील तेव्हा हे जास्त घडतं. दोघं हयात असतील तर सोपा मार्ग म्हणजे आपल्या मुलाच्या किंवा मुलीच्या भेटीच्या वेळेतच नातवंडाला भेटणं, आणि तसा स्पष्ट उल्लेख आदेशात घालून घेणं. आजीआजोबांना अट एकच: सुनेविषयी किंवा जावयाविषयी त्या घरात मुलाच्या कानावर शब्द पडता कामा नये.

23. मूल 18 वर्षांचं झालं. आता खर्चाचं काय?

ताब्याचा आणि भेटीचा आदेश त्या दिवशी संपतो, कुणाकडे राहायचं ते मूल स्वतः ठरवतं. कलम 144 खालचा खर्चही (प्रश्न 11) सज्ञान झाल्यावर थांबतो, शारीरिक किंवा मानसिक व्यंगामुळे स्वतःचं पोषण करू न शकणारं मूल याला अपवाद. हिंदू अविवाहित मुलगी स्वतःचा खर्च भागवू शकत नसेल तर 1956 च्या दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम 20 खाली वडिलांकडून निर्वाह मागू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये अभिलाषा खटल्यात मान्य केलं, मात्र तो अर्ज वेगळा आणि तिने स्वतः करायचा. मुलाच्या किंवा मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी कायद्यावर विसंबू नका. संमतीपत्र करतानाच 'पदवी पूर्ण होईपर्यंत फी, वसतिगृह व पुस्तकं यांचा खर्च अमुक प्रमाणात' असं कलम घाला. बारावीच्या निकालानंतर प्रवेशाची फी भरायला जेमतेम काही दिवस मिळतात, तेवढ्यात नवा अर्ज निकाली निघत नाही.